‘लुचे’च्या भिंतींमागे

आलियागा, तुर्कस्तान
सोमवार, ११ मार्च २०१९

प्रिय ओन्दिना,

तू बरी असशील, लोरेदाना आणि तिच्या घरची सगळी मजेत असतील, अशी आशा करतो. मी ठीक आहे. डावा गुडघा जिने चढताना कुरकुरतो, बाकी तक्रार नाही.

परदेशी तिकीट बघून तू बुचकळ्यात पडली असशील, पण अक्षर ओळखलं असशील. ओळखूनही पाकीट फोडलं असलंस, तर मला तेवढंही पुष्कळ झालं. नऊ वर्षं दर नाताळाला कार्ड टाकतो आहे आणि एकाचंही उत्तर आलेलं नाही. मला त्याचा राग नाही. माझ्या नेरीनाच्या अंत्यविधीला तू आली होतीस. अगदी मागच्या बाकावर बसलीस आणि शेवटची प्रार्थना संपायच्या आत उठून गेलीस. मी मान वळवली नाही, पण तुझी पावलं मला ऐकू आली.

तर मी इथे कसा, ते सांगतो. आपली बोट ‘लुचे’ इथे आली आहे. मोडायला.

क्लबात पत्ते खेळत बसलो होतो. गल्ल्यावरच्या माणसाने हाक मारली, नेव्यो, तुझा फोन, बाई आहे, तुर्की आहे. सगळ्यांनी माझी यथेच्छ चेष्टा केली. फोनवर एका मुलीने चांगल्या इटालियनमध्ये विचारलं, ‘लुचे दि पोनेन्ते’च्या नकाशांवर खालच्या कोपऱ्यात सही आहे ते ब्रुमात तुम्हीच का? मी हो म्हणालो. तिचं नाव हांदे. एकतीस-बत्तीसची इंजिनियर आहे, जेनोव्हाला दोन वर्षं शिकायला होती. बोट कापण्याआधी आत कुठे काय आहे याची यादी करावी लागते, त्यात काही अडलं होतं आणि ज्यांनी ती बांधली त्यांतलं कुणीतरी हवं होतं. मी तिला म्हटलं, मुली, ज्यांनी बांधली त्यांतले आता फारसे कुणी उरले नाहीत. ती म्हणाली, म्हणूनच तुम्हाला फोन केला, काका.

फुल्व्यो चिडला. पप्पा, शहात्तराव्या वर्षी भंगारात कशाला तडफडायचंय, म्हणाला. तरी विमानतळावर त्यानेच सोडलं.

तुला पहिल्यांदा दिसली तेव्हाची लुचे आठवते? जून शहाऐंशी. गोदीत पाणी सोडलं आणि चार तासांनी तिचा तळ लाकडांवरून हळूच उचलला गेला. कुणाला काही ऐकू आलं नाही, काही हललेलं दिसलं नाही, पण आम्हा गोदीवाल्यांना पायांतून कळलं की ती आता तरंगते आहे. तुझ्या एत्सिओच्या खांद्यावर लोरेदाना बसली होती. सहा वर्षांची. बिशप मंत्र म्हणत होते आणि ही वरून मोठ्याने विचारत होती, बाबा, ही बुडणार कधी? एत्सिओ इतका हसला की बिशपांनी आमच्याकडे बघितलं.

आपल्या पोर्तोग्रिजोच्या गोदीने तोवर बांधलेली सगळ्यांत मोठी बोट. दोनशे तीस मीटर लांब, चौदाशे प्रवासी, दोन नाट्यगृहं, तीन पोहण्याचे तलाव. अडीच वर्षं आम्ही तिच्या पोटात राहिलो. सकाळी सायकलींनी आत जायचो, संध्याकाळी भोंगा झाला की बाहेर. तिच्या पहिल्या सफरीला मला गोदीचा माणूस म्हणून पाठवलं होतं, काही गळलं-बिघडलं तर बघायला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं गालिच्यांवर नाचत होती आणि मला फक्त त्यांच्या पायांखाली कुठल्या नळ्या जातात ते दिसत होतं. मी घरी आलो तेव्हा एत्सिओने तासभर सगळं विचारून घेतलं. कुठल्या दारावर कसला रंग दिला, हेसुद्धा.

पुढचं तिचं आयुष्य मी वहीत लिहीत गेलो, तुला ठाऊक आहे. नेरीना म्हणायची, याला दोन मुलं आहेत, फुल्व्यो आणि ती बोट. सतरा वर्षं ती फ्लोरिडाहून बहामा बेटांना जात-येत राहिली. पंच्याण्णव साली एका वादळात नऊशे माणसं पोटात घेऊन दोन दिवस समुद्रात तग धरून राहिली. मग नव्या मोठ्या बोटी आल्या, तिच्या अठरा मजली धाकट्या बहिणी, आणि तिला एका ग्रीक माणसाने घेतली. नाव ‘आर्तेमिसिया’. पिरेअसहून सान्तोरिनी, कुशादासी, अलेक्झांड्रिया. त्या काळात एकदा ती एका दिवसापुरती त्रिएस्तला लागली होती. मी आणि एत्सिओ बसने बघायला गेलो. आत सोडलं नाही. धक्क्यावर उभं राहून शिंपल्यांची भजी खाल्ली. एत्सिओ बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, म्हातारपणी छान दिसते. तेव्हा त्याला खोकला सुरू झाला होता.

त्यानंतर आखातातल्या एका बंदरात ती बांधून ठेवली. कुठलासा कारखाना उभा राहत होता, त्यावरचे मजूर तिच्यात राहायचे. नाचाच्या दालनात तिमजली खाटा. नाव ‘अल नवरस’. नंतर चार वर्षं ग्रीसजवळ गंजत पडून होती.

जानेवारीत तिला इथे आणली. तिच्याच इंजिनांवर, पूर्ण वेगाने, नाक थेट किनाऱ्यावर चढवलं. इथे तशीच रीत आहे. शेपटीकडे तिन्ही नावं अजून दिसतात. अक्षरं वेल्डिंगने उठवलेली असतात ना, रंग गेला तरी फुगवटा राहतो. अरबीखाली ग्रीक आणि त्याखाली आपलं.

इथली माणसं चांगली आहेत. सकाळी मसुराचं सूप देतात, त्यावर लिंबू पिळायचं. चहा किती वेळा येतो याची मोजदाद ठेवत नाही. हांदेला माझ्याकडून बोटीत काही ठिकाणी खुणा करून हव्या आहेत. काम अजून पाच-सहा दिवसांचं आहे. कसल्या खुणा, ते पुन्हा केव्हातरी लिहीन.

लोरेदानाचा मध्यंतरी फोन आला होता. असाच, सहज.

थंडीचं जप. खिडक्या उघड्या टाकून बसायची तुझी सवय आहे आणि बोरा वारा अजून जायचा आहे.

तुझा भाऊ,
नेव्यो


आलियागा
मंगळवार, १९ मार्च २०१९

प्रिय ओन्दिना,

आज सान ज्युजेप्पेचा दिवस. आपल्याकडे बेकरीत गोड वडे तळले असतील. मी बंदरावरच्या चहाच्या दुकानात बसून लिहितो आहे. बाहेर ऊन आहे आणि समोर ती दिसते. पुढचा भाग आता नाही. घराची भिंत पाडल्यावर आतल्या खोल्या दिसाव्यात तशा तिच्या केबिना दिसतात, एकावर एक, निळ्या भिंतींच्या.

मागचं पत्र तुला मिळालं असेल. चार पानं लिहिली आणि सांगायचं ते एकही वाक्य लिहिलं नाही. टपालात टाकून परत येतानाच मला ते कळलं होतं. आता लिहितो. एका दमात जमेल असं वाटत नाही, तेव्हा मधे आडवळण घेतलं तर घेऊ दे.

पहिल्या दिवशी हांदेने टेबलावर नकाशे पसरले. माझ्याच सहीचे. तिने इंजिन रूमच्या नळ्यांवर आणि भिंतींच्या आत काय गुंडाळलं आहे त्या रकान्यावर बोट ठेवलं. सगळीकडे एकच शब्द, रॉक वूल, म्हणजे दगडापासून केलेली निर्धोक लोकर. मग तिने प्रयोगशाळेचा कागद पुढे केला. कुठूनतरी चिमूटभर नमुना काढून तपासला होता. अ‍ॅस्बेस्टॉस. ती म्हणाली, “काका, दोहोंपैकी एक खोटं आहे. प्रयोगशाळा की नकाशा?”

मी चष्मा पुसत बसलो. एवढ्यात एक माणूस आत आला, जेव्हात त्याचं नाव, गॅसने पोलाद कापणारा. पंचेचाळिशीचा असेल. माझ्यापुढे चहा ठेवला आणि हांदेला काही विचारलं. ती मला म्हणाली, तो विचारतोय, इंजिन रूमच्या वरचा मजला सोमवारपासून कापायला घेऊ का? नकाशा खरा असेल तर हरकत नाही. तो दारात माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. त्याला काही संशय नव्हता गं. म्हातारा माणूस आहे, याने बांधली आहे, याला ठाऊक असणार, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

असाच एक चेहरा मी पूर्वी पाहिला होता. त्याच्याकडे मी येतोच आहे.

मी म्हणालो, “नकाशा खोटा आहे. मला लाल खडू द्या.”

पाच दिवस खुणा केल्या. त्यांनी मला पांढरा पोशाख चढवला, तोंडावर डुकरासारखा मुखवटा बांधला, हातमोज्यांच्या कडा चिकटपट्टीने बंद केल्या. बाहेर आलं की अंगावर फवारा, मग अंघोळ, कपडे तिथेच पिशवीत सील. मी हांदेला सांगितलं, आम्ही एका डिसेंबरात त्याचे गोळे करून एकमेकांवर फेकले होते, बर्फासारखे. तिने लिहिणं थांबवलं आणि खाली बघितलं.

त्र्याऐंशी खुणा झाल्या. कुठल्या भिंतीमागे आहे, कुठल्या नळीच्या वाकणावर आहे, सगळं मला आठवत होतं. लुचे बांधायला घेतली तोवर रॉक वूलचा नवा माल आला होता. जुना, अ‍ॅस्बेस्टॉसचा, वापरू नका, त्याची धूळ छातीत बसते, असं वरूनच आलं होतं. पण कोठारात जुन्याचा साठा पडून होता, पोत्यांच्या पोती. एक दिवस मला वर बोलावून सांगितलं, दिसणाऱ्या जागी नवं लावा, आत जुनं संपवून टाका, कागदावर नवं लिहा. कुणी लेखी दिलं नाही. मी मुकादम होतो, मी मान हलवली आणि खाली येऊन माणसं वाटून दिली.

पाचव्या दिवशी डाव्या इंजिनामागची भिंत उघडली. तिथला पत्रा काढला तर त्याच्या आतल्या बाजूला सुतारी पेन्सिलीने मापं लिहिलेली. उभं, आडवं, भोकांची अंतरं. आणि मापांच्या खाली, त्याच अक्षरात: ‘शनिवार. ओन्दिनासाठी सार्डिन.’

हांदेने विचारलं, हे काय लिहिलंय? मी म्हटलं, बाजारातून मासळी आणायची आठवण. कुणाची? माझ्या मेहुण्याची.

तो पत्रा मला आणता आला नाही, ओन्दिना. इथे तशी परवानगी नाही, तो पिशवीत बंद करून गेला. मी मागितलासुद्धा नाही. फक्त अक्षरं उतरवून घेतली.

आता कोर्टाचं लिहितो.

दोन हजार दहा, एकोणीस मे. एत्सिओच्या मृत्यूबद्दल तू गोदीवर केलेला दावा. तू आधी साक्ष दिलीस. निळा कोट घातला होतास. तू सांगितलंस की एत्सिओचे कामाचे कपडे तू दर शनिवारी धुवायचीस, धुण्याआधी अंगणात झटकायचीस आणि अंजिराची पानं पांढरी व्हायची. मग मला बोलावलं. गोदीच्या वकिलाने विचारलं, या बोटीवर अ‍ॅस्बेस्टॉस वापरलं होतं? मी म्हणालो, नाही. त्याने नकाशा दाखवला, ही सही तुमची? मी म्हणालो, हो. मग त्याने विचारलं, तर या बाईंना कपड्यांवर दिसत होती ती धूळ कसली असावी?

मी म्हणालो, सिमेंटची असेल. घरगुती बाईला फरक कळणं कठीण आहे.

दुसरं वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. ते माझंच होतं.

फुल्व्योला तेव्हा गोदीत कायम करायचं चाललं होतं. साक्षीच्या आधी गोदीच्या साहेबांनी मला कॉफीला बोलावून त्याची आपुलकीने चौकशी केली होती, एवढंच. नऊ वर्षं मी स्वतःला हेच कारण देत आलो, की मुलासाठी केलं. फुल्व्योला मी परवा फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, पप्पा, हे माझ्या नावावर टाकू नका. बरोबर आहे त्याचं. मुलगा नसता तरी मी तेच बोललो असतो. कारण ‘वापरलं’ असं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता: कुणी वापरायला लावलं, आणि त्या माणसांना ठाऊक होतं का?

इथे मी अर्धा तास थांबलो होतो. चहा थंड झाला, दुकानवाल्याने न सांगता दुसरा आणून ठेवला.

एत्सिओ नळ्या जोडायच्या टोळीत होता, तुला आठवत असेल. पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात मला आतल्या कामाला माणसं कमी पडली, तेव्हा मी त्याला माझ्याकडे मागून घेतला. हात चांगला होता त्याचा, आणि बडबड करायचा नाही. पहिल्या सकाळी त्याने पोतं फोडलं, थोडं बोटांत घेऊन चोळलं आणि माझ्याकडे आला. इतर लोक जवळपास नव्हते. त्याने विचारलं, “नेव्यो, हा जुना माल आहे का रे?”

मी म्हणालो, “नाही. नवा आहे. कर सुरू.”

तो “बरं” म्हणाला आणि गेला.

त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. चौदा महिने त्याने ते काम केलं. तो नको म्हणाला असता तर मी त्याला परत पाठवला असता, असं मी पुष्कळदा मनाशी म्हणतो. पण मी त्याला तशी संधीच दिली नाही. तो आजारी पडल्यावर मी दर रविवारी इस्पितळात येऊन बसत होतो, संत्री सोलून देत होतो, फुटबॉलचं बोलत होतो. तुला वाटायचं, काय माया आहे. मी वाट बघत होतो की तो पुन्हा विचारेल. त्याने विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं वाटतं. आता काय, मी काहीही म्हणू शकतो.

मला काही झालेलं नाही. दर दोन वर्षांनी तपासतात, छाती स्वच्छ. डॉक्टर अभिनंदन करतात. घरी येऊन मी कुणाला सांगत नाही.

आणि लोरेदानाचा फोन सहज नव्हता. तिने सांगितलं, “मामा, आईच्या छातीत पाणी झालंय. दोनदा काढलं. तेच आहे जे बाबांना होतं. मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका.” तर आता कळू दिलं. तिच्यावर रागावू नकोस. ती असंही म्हणाली की वकील म्हणतात, तू कधी गोदीत काम केलेलं नाहीस, आणि कपड्यांवरची धूळ सिमेंटची होती असं कोर्टाच्या कागदावर आधीच आहे, त्यामुळे तुझा आजार कशाने झाला हे कुणी लिहून देणार नाही. कागदावर ते माझ्या तोंडून आलेलं आहे. हांदेचा फोन त्यानंतर आठ दिवसांनी आला. तो आला नसता तर मी स्वतःहून काही केलं असतं का, मला माहीत नाही. खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय म्हणून हेही लिहितो.

त्र्याऐंशी जागांची यादी तयार झाली आहे. प्रत्येक पानावर माझी सही आहे. शेवटच्या पानावर मी लिहून दिलंय की हे बांधणीच्या वेळी मला ठाऊक होतं, माझ्या हुकमाने लावलं गेलं आणि दोन हजार दहामधली माझी साक्ष खोटी आहे. एक प्रत तुझ्या वकिलांकडे आजच रवाना केली. परत आलो की न्यायाधीशांपुढे जाऊन तोंडी सांगेन. खोट्या साक्षीचं जे काय व्हायचं ते होऊ दे. या वयात फार काही करत नाहीत म्हणे, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

जेव्हात आज निघताना मला भेटायला आला. मुखवटा गळ्यात लोंबत होता. हात पुढे केला. मला तो हातात घेववेना, पण घेतला.

माफी मागायला हे पत्र लिहिलं असं समजू नकोस. मागायची कशी तेच मला सुचलेलं नाही. तुझं वाक्य खरं होतं आणि मी ते तुझ्यादेखत खोटं पाडलं, एवढं तुला माझ्या हातचं लिहिलेलं मिळावं.

नेव्यो ब्रुमात


पोर्तोग्रिजो
२ एप्रिल २०१९

नेव्यो,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मी फोडलं नव्हतं, फ्रिजवर टाकून ठेवलं होतं. दुसरं आलं त्या दिवशी वकिलांचाही फोन आला, म्हणून दोन्ही एकदम वाचली. लोरेदानाने वाचून दाखवली, कारण मला एका जागी फार वेळ बसवत नाही. एत्सिओपर्यंत आली तेव्हा तिला पुढे वाचता येईना. मग मी वाचलं.

तू मला नवीन काही सांगितलेलं नाहीस.

एत्सिओला ठाऊक होतं. दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात, तू संत्री सोलून गेलास त्या एका रविवारी, त्याने मला सांगितलं. म्हणाला, “मी त्याला विचारलं होतं. तो नाही म्हणाला, पण माझ्याकडे न बघता म्हणाला.” मी विचारलं, मग कामाला हात कशाला लावलास? तो म्हणाला, “तुझा भाऊ होता. म्हटलं, एवढं काही वाईट नसेल.”

मला त्याच क्षणी तुझ्या घरी येऊन तुझी गचांडी धरायची होती. त्याने येऊ दिलं नाही. म्हणाला, तो स्वतःच्या तोंडाने सांगेल, तोवर तू विषय काढायचा नाहीस. दर रविवारी तो तुझी वाट बघायचा. तू गेल्यावर मी त्याच्याकडे बघायची आणि तो मान हलवायचा, की आजही नाही. असे सहा रविवार झाले. सातव्याला तो नव्हता.

तो गेल्यावर मी थांबले. साडेतीन वर्षं थांबले, नेव्यो. कोर्टात तुझं नाव पुकारलं तेव्हा मला वाटलं, आज. निळा कोट मी त्यासाठीच घातला होता, नवा घेतला होता. तुला कोट आठवतो, याचं मला नवल वाटलं.

घरगुती बाईला फरक कळत नाही, म्हणालास. सिमेंट पाण्यात बसतं. ती धूळ बसायची नाही, बादलीत वर तरंगायची, हाताला रेशमासारखी लागायची. तेवीस वर्षं मी त्याचे कपडे धुतले. मला फरक कळत होता. फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं, आणि ते तुला माहीत होतं.

वकील म्हणतात, तुझ्या कागदाने आता माझं काम होईल. चांगलं आहे. पण मला माझ्यासाठी तो नको होता. माझं जे व्हायचं ते झालंय, डॉक्टर तोंड फिरवून बोलतात, मला समजतं. मी भांडत होते ती लोरेदानासाठी. कपडे मी अंगणात झटकायची ते उन्हाळ्यात. हिवाळ्यात बोरा सुटला की स्वयंपाकघरात झटकायची, दार लावून. ती पाच-सहा वर्षांची. स्टुलावर उभी राहून टेबलावरच्या पांढऱ्या धुळीत बोटाने बोटी काढायची, आणि मी तिला म्हणायची, छान काढलीस, आता पूस. हातानेच पुसायची.

हे मी कोर्टात सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. तू तुझं लिहिलंस म्हणून माझं लिहिते. माझ्या स्वयंपाकघरात मुकादम मी होते.

तुझी यादी पोचल्यापासून तिचं नाव धुळीच्या आजाराच्या सरकारी तपासणीत घेतलं आहे. आता दरवर्षी बघतील. गेल्या आठवड्यात छातीचा पहिला फोटो काढला. उजव्या बाजूला काहीतरी दिसतंय. ते जुन्या न्यूमोनियाचंही असू शकतं, म्हणाले. पुन्हा नीट बघायचं ठरलंय, गुरुवारी अकरा तारखेला, सकाळी साडेआठ, त्रिएस्तच्या मोठ्या इस्पितळात. ती म्हणते मी एकटी जाईन. मी तिला एकटी जाऊ देणार नाही. पण मला आता कुणी धरल्याशिवाय जिना उतरता येत नाही, आणि त्या दिवशी तिने मला धरावं असं मला वाटत नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. करेन असंही वाटत नाही, आणि वेळही फारसा नाही.

अकराला पावणेआठ वाजता गाडी घेऊन ये. जिना चढून वर ये, मला धरून खाली ने. वाटेत बोलू नकोस. लोरेदानाशीही नाही. तिचं काय निघतंय ते कळेपर्यंत आपल्या दोघांजवळ बोलण्यासारखं काही नाही.

ओन्दिना